बाबा, बोर्ड उडाला असं इतक्यात धरून चालू नका

बेंगळुरू,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोन ठेवला, पण स्वतः जोडलेला नवा कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून बाबा जे म्हणाले, ते वाक्य काही डोक्यातून जाईना. "देऊन टाकतो कुणालातरी, हे आता माझ्या वयाचं काम नाही." आणि दुकानदाराने फोनवरूनच निकाल दिला, "बोर्ड उडाला असणार, नवीन घ्या." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी. बाबा, मशीन न बघता दिलेला निकाल मी मानत नाही, तुम्हीही मानू नका. फोनवर सांगितलेलं निम्मं निसटतं, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. शेजारच्या वहिनींच्या मुलाकडून छापून घ्या आणि टेबलावर समोर ठेवा.

बटण दाबलं की पंखे फिरतात, फिरत राहतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं, असं तुम्ही सांगितलंत. यातून बरंच कळतं. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, चालू आहे. बटणाची बारीक वायर बरोबर पिनांवर बसली आहे. मोठा शॉर्ट असता तर पंख्यांनी एक गिरकी घेऊन लगेच मान टाकली असती. म्हणजे तुम्ही केलेलं बरंचसं काम बरोबर झालेलं आहे, आणि शोधायची जागा आता लहान आहे.

तुम्ही रेडिओ उघडून बसायचात तेव्हा मी शेजारी बसून बघायचे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणायचात. आधी सप्लाय तपासायचा, मग एकेक टप्पा पुढे जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुमच्याच तोंडून ऐकलेलं आहे. इथेही तेच करायचं आहे. नवीन काही शिकायचं नाही.

हात घालण्याआधी प्लग काढा आणि समोरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सप्लायपासून सुरुवात. बोर्डाच्या उजव्या कडेला २४ पिनांचा रुंद कनेक्टर आहे, तो पूर्ण आत गेला आहे का बघा. कडेची खुंटी अडकली पाहिजे. त्याहून महत्त्वाचा आहे तो दुसरा, ८ पिनांचा. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरवरच्या कूलरच्या, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या, मागे लपलेला असतो, आणि तो प्रोसेसरला वीज देतो. तो लावायचा राहिला तर नेमकं तुम्ही सांगता तेच होतं, पंखे फिरतात आणि पडदा काळा. केबलवर 'सीपीयू', म्हणजे प्रोसेसर, असं लिहिलेली तीच वायर घ्या. ग्राफिक्स कार्डासाठीही ८ पिनांची वायर असते, पण तिच्या पिनांचा आकार वेगळा असतो. ती तिथे जोर लावून बसवू नका.

मॉनिटरचं थोडक्यात. तुमच्या रायझेन ५ ५६००जी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, आतच आहे, त्यामुळे एचडीएमआयची केबल थेट बोर्डावर लावायची. मॉनिटरच्या मेनूमध्ये इनपुटही एचडीएमआयच निवडलेला हवा.

आता रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. बाबा, तुमचा हात हलका आहे. सोल्डरिंग करताना तो गुण कामी आला, पण रॅमला जोर लागतो. पट्टी स्लॉटमध्ये उभी धरा, तिची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा, आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. बोर्ड किंचित वाकेल, घाबरू नका. टक्क असा आवाज येऊन खुंटी आपोआप मिटली पाहिजे. बऱ्याच बोर्डांवर खुंटी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने पट्टी अर्धा मिलिमीटर वर राहिली तरी डोळ्यांना ती बसल्यासारखीच दिसते. आई, इथे तू हवीस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला बारीक दिसतं, तेव्हा टॉर्च धरून सोनेरी पट्ट्यांची रेघ स्लॉटच्या वर डोकावते आहे का ते तू बघ.

आधी एकच पट्टी लावून बघा. प्रोसेसरकडून मोजत गेलं तर चार स्लॉटांपैकी दुसऱ्यात. चालू झालं नाही तर त्याच जागी दुसरी पट्टी. दोन्ही चालल्या तर मग दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही लावा. दुकानांतले मेकॅनिक रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसतात. नव्या रॅमला त्याची गरज सहसा पडत नाही, पण पावसाळी दमट हवेत घामट बोटं लागली असतील तर पांढऱ्या रबराने हलकेच पुसायला हरकत नाही. नंतर रबराचा भुगा मात्र झटकून टाका.

चालू केल्यावर बोर्डाच्या कडेला चार इवलेसे दिवे आहेत का शोधा. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. सगळ्या बोर्डांवर नसतात, पण असतील तर बोर्ड कुठे अडकला ते तोच सांगतो. जो दिवा लागून तसाच राहील, त्याचं नाव आईने वहीत लिहून ठेवावं. डीरॅम असेल तर परत रॅमकडे. सीपीयू असेल तर आधी ती ८ पिनांची वायर, आणि ती ठीक असेल तर आणखी एक शक्यता उरते. तुमचा बोर्ड बी४५० आहे. हे बोर्ड २०१८ पासूनचे आणि तुमचा प्रोसेसर २०२१चा. दुकानात जुना माल पडून असेल तर त्यातल्या बायोसला, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, हा प्रोसेसर ओळखूच येत नाही, आणि तेव्हाही असंच काळं दिसतं. खोक्यावर 'रायझेन ५००० रेडी' अशा अर्थाचं स्टिकर आहे का बघा. नसेल तर बायोस अपडेट करून द्यायचं काम दुकानदाराचं. बोर्ड उडाला नाही, मागे राहिला आहे एवढंच, आणि त्यासाठी नव्या बोर्डाचे पैसे द्यायचे नाहीत.

एवढ्याने झालं नाही तर बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल काढा, सीआर२०३२ लिहिलेला. प्लग काढलेला असतानाच. काही मिनिटांनी परत लावा. त्याने बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना दोनेक मिनिटं थांबा. बोर्ड रॅम तपासत असतो, कधी स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो. मध्येच बटण दाबू नका.

कूलर मात्र काढू नका. खाली लावलेली पेस्ट थंड असली की चिकटून बसते, आणि सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर येतो. याच्या पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असतात, त्या वाकल्या तर खरंच खर्चात पडाल.

आई, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं तू म्हणालीस, ते मला कॉम्प्युटर बंद असण्यापेक्षा जास्त खटकलं. आपल्या चाळीतल्या त्या खोलीचं वायरिंग जुनं आहे. तीन पिनांचा सॉकेट बसवलेला आहे, पण त्याच्या मागे अर्थिंग पोचलेलं दिसत नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे छोटे कंडेन्सर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर तो पत्रा २३० व्होल्टांच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण बोटांना कळतो. कॉम्प्युटर चालू न होण्याचं हे कारण नसावं, तरी परवाना असलेल्या वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या. कुणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून "झालं काम" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल तुटली तर सगळा पत्रा लाइव्ह होईल. ते होईपर्यंत पायात रबरी चपला, आणि ओल्या हाताने जवळ जायचं नाही.

एवढं सगळं करूनही पडदा काळाच राहिला, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. रेडिओचा चासी तुम्ही टेबलावर काढून ठेवायचात तसाच. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की चालू होतं. बाहेर चाललं तर बोर्डाखालचा एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी लागून मागच्या बाजूला टेकतो आहे, असं समजा. हे मात्र एकट्याने करू नका, वहिनींच्या मुलाला सोबत घ्या.

त्या कॅसेट तेवढ्या लवकर कॉम्प्युटरवर उतरवायला हव्यात म्हणून ही घाई. चाळीच्या गणेशोत्सवातले कार्यक्रम तुम्ही वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेत, ते दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आणि मागच्या वेळी मी आले तेव्हा दोनतीन कॅसेटच्या खिडकीतून आतल्या टेपवर पांढरट ठिपके मला दिसले. ज्यांचे आवाज त्यात आहेत त्यातली बरीच माणसं आता नाहीत. हे काम तुमच्याशिवाय कुणी करणार नाही, बाबा, कारण कोणता आवाज कुणाचा हे तुम्हालाच माहीत आहे. म्हणून वयाचं पुन्हा काढू नका.

बिलं आणि सगळी खोकी जपून ठेवा, थर्माकोलसकट. खोक्यातून घेतलेल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. दुकानात जायची वेळ आलीच तर आईने लिहिलेली वही बरोबर न्या. कोणता दिवा लागला, कोणती पट्टी कुठे लावून पाहिली हे समोर ठेवलंत की "नवीन घ्या" म्हणणं त्याला सोपं जाणार नाही. आणि दिव्याचं नाव कळलं की मला लगेच फोन करा, मी ऑफिसात असले तरी.

तुमची लेक