पाणी ओसरल्यावरचा ‘निरंक’

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पूर आला की आमच्या कृष्णाकाठची पत्रं जलसंपदा खात्याला जातात, नाहीतर मदत-पुनर्वसनला. कोयनेतून विसर्ग कधी वाढवला, अलमट्टीत पाणी किती अडवलं, पंचनाम्यात गोठा का धरला नाही, असले विषय. आपल्याला कुणी लिहीत नाही. मी लिहितोय, कारण मला जे सांगायचंय ते पाणी ओसरल्यावर सुरू होतं. पत्र मराठीत आहे. दिल्लीत भाषांतर करून देणारं कुणी ना कुणी भेटेलच.

मी आरोग्य सेवक होतो. गावच्या भाषेत ‘मलेरियावाला’. तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रांजणात बॅटरी मारून अळ्या बघायच्या आणि नळाचं पाणी ओटीच्या नळीत धरायचं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर पाणी सोडणाऱ्याला शोधायला निघायचं. नोकरीची निम्मी वर्षं त्याला शोधण्यात गेली म्हटलं तरी चालेल.

2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, तो दिवस 8 ऑगस्ट. आमच्या उपकेंद्राच्या खिडक्या पाण्याखाली होत्या. औषधांची खोकी आणि रजिस्टरं आम्ही एका स्लॅबच्या घराच्या माडीवर चढवली होती. खालच्या कपाटात राहिली ती रजिस्टरं भिजून इतकी फुगली की कपाटाचं दार उघडेना. पण त्या आठ दिवसांत एक गोष्ट बिनचूक चालू होती. पाणी किती फूट किती इंच, कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, हे आकडे रात्री-अपरात्रीही फोनवर येत होते. नदीवर नजर नव्हती, असं मी कधीच म्हणणार नाही.

मग पाणी उतरलं. छावणीतली माणसं घरी आली. मंत्री येऊन गेले, टेम्पो भरून कपडे आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, बिस्किटांचा तर खच पडला. शेजारचे तात्या मात्र घरात गेलेच नाहीत, आधी गोठ्यात गेले. पिंडरीपर्यंत काळा गाळ. त्यात कुजलेला कडबा, मेलेल्या घुशी आणि शेण सगळं एक झालेलं. तात्या अनवाणी. टाचांना भेगा इतक्या की त्यात चार आण्याचं नाणं उभं राहील. चार दिवस त्यांनी फावड्यानं गाळ ओढला. मी रस्त्यावरून ओरडलो, ‘तात्या, पायात काहीतरी घाला.’ ते म्हणाले, ‘गमबूट काय पुरात वाहून आलेत व्हय?’

नवव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. खाजगी डॉक्टरकडे गेले, सुई घेतली, सलाईन लावलं. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईनात. गाळ ओढून अंग आंबलंय असं सगळ्यांना वाटलं. मला कळायला हवं होतं. डोळे लाल, पोटऱ्यांत कळा, आणि चार दिवस गोठ्याच्या गाळात उभा राहिलेला माणूस, हे लेप्टोचं, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्या-गाळातून होणाऱ्या तापाचं, चित्र आम्हाला प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण मी तेव्हा शेजारच्या गावात टीसीएलच्या (पाणी शुद्ध करायच्या पावडरीच्या) गोण्या मोजत होतो. डोळे पिवळे झाल्यावर त्यांना मिरजेला नेलं. तोवर मूत्रपिंडं थकली होती. दोन वेळा डायलिसिस झालं, तिसऱ्यांदा करायची वेळ आली नाही.

पुरात बुडून माणूस गेला तर आपत्ती निधीतून वारसाला 4 लाख मिळतात. तात्या बुडाले नव्हते. त्यामुळे पुराच्या मृतांच्या यादीत ते नाहीत. त्याबद्दल त्यांच्या घरच्यांची तक्रार नाही. ती माणसं तक्रार करणारी नव्हेत. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आधी माझ्याविरुद्धच आहे.

आपल्या खात्याचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालतो. त्याचं मूळ 1994 मध्ये आहे. आधी आमच्या बीड जिल्ह्यात मामल्याला प्लेगच्या गाठी निघाल्या, मग सुरतेत हाहाकार झाला आणि देशाला कळलं की साथ कुठं सुरू झाली हे सांगणारी यंत्रणाच आपल्याकडे नाही. मग तीन फॉर्म आले. उपकेंद्रातला कर्मचारी लक्षणं बघून भरतो तो एस. डॉक्टर अंदाजानं भरतात तो पी. प्रयोगशाळा तपासून भरते तो एल. 2019 मध्ये आमच्याकडे हे कागदावर आणि आठवड्यानं आठवड्यानं चालायचं. ज्या आठवड्यात तात्या तापानं फणफणत होते, त्या आठवड्याच्या माझ्या एस फॉर्मवर तापाच्या रकान्यात एकच शब्द आहे: निरंक.

तो मी लिहिला. गावात फिरलोच नव्हतो, कारण माझी ड्युटी दुसरीकडे लावली होती. निम्मी घरं अजून पै-पाहुण्यांकडे होती. अहवाल पाठवला नाही तर खुलासा मागवतात, आणि ‘निरंक’ लिहिलं की कुणी काही विचारत नाही. हे सरकारी नोकरीतलं जुनं शहाणपण आहे, महोदय. मी ते वापरलं.

आता हे सगळं पोर्टलवर गेलंय. 2021 पासून देशभर मोबाईलवरून, रोजच्या रोज, रुग्णागणिक नोंद होते. ही खरोखरच मोठी सुधारणा आहे. पण कागद जाऊन मोबाईल आला म्हणून निरंक लिहिण्याचं कारण गेलेलं नाही. नोंद कमी पडली की वरून विचारणा होते ती ‘काम का केलं नाही’ अशी. ‘गावाला काय झालं’ अशी होत नाही. पुराच्या आठवड्यात ज्या गावाकडून काहीच आलं नाही, तेच गाव सगळ्यात आधी बघायला हवं. आपल्या तक्त्यात मात्र ते गाव निरोगी दिसतं.

म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे. धोका पातळी ओलांडलेल्या नदीकाठच्या गावांना पुढचे सहा आठवडे ‘निरंक’ लिहायची मुभाच ठेवू नका. ‘किती घरं फिरलो’ हा आकडा आधी भरायला लावा, मगच तापाचा रकाना उघडू द्या. शून्य घरं फिरलो असं कुणी खरं लिहिलं, तर त्याला नोटीस काढू नका. दोन माणसं पाठवा.

सहा आठवडे का, तेही सांगतो. पाणी कधी येणार हे हवामान खातं आणि जल आयोग सांगतात. त्यानंतर आजार कधी येणार हेही जवळजवळ तितकंच ठरलेलं आहे. जुलाब-उलट्या पहिल्या चार-आठ दिवसांत. लेप्टो साधारण पाच ते चौदा दिवसांत. डेंगी त्यामागून, कारण नदीतून पाणी उपसायची जॅकवेल बुडून नळ बंद पडले की लोक पिंपं भरून ठेवतात आणि डेंगीच्या एडिस डासाला तेच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. कावीळ महिना-दीड महिन्यानं, आणि तोवर पूर सगळे विसरलेले असतात. हे वेळापत्रक आपल्या खात्यातल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे. मग रुग्णांचा आकडा वाढायची वाट का बघायची? आयर्विनला 45 फूट झालं की त्याच दिवशी त्या तालुक्याचं आजारांचं वेळापत्रक आपोआप सुरू व्हायला काय हरकत आहे?

आमच्याकडे महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापक यंत्रं आहेत. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची चक्रं फिरू लागतात. सोयाबीनसाठी एवढी सोय आहे. त्याच आकड्यावर आशाताईच्या फोनवर ‘उद्यापासून घरोघर ताप बघा, पोटऱ्या दुखतात का विचारा’ एवढं एक वाक्य का येत नाही? आकडा एकच आहे, फक्त तो कृषी आणि महसूलच्या दारातून आरोग्याच्या दारात जात नाही.

संदेशाचंही तेच. 2023 मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याच्या चाचणीसाठी देशभर फोन कर्कश वाजले, आठवत असेल. आमची आजी घाबरून देवघरात जाऊन बसली होती. यंत्रणा उत्तम आहे, ठराविक भागातल्या सगळ्या फोनवर एकदम पोचते. पण तो फोन वाजतो पाणी येण्याआधी. पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी तो पुन्हा वाजवा: ‘गाळात उतरला होता का? ताप आलाय का? अंगावर काढू नका, आजच आरोग्य केंद्रात या आणि डॉक्टरांना गाळाचं सांगा.’ तात्यांच्या सुनेनं तो वाचला असता. ती फोनवर सगळं वाचते, लग्नपत्रिकासुद्धा.

केरळात 2018 च्या महापुरानंतर लेप्टो उसळला, तेव्हा तिथल्या आरोग्य विभागानं गाळ काढणाऱ्यांना लेप्टो टाळणारी डॉक्सीसायक्लिनची गोळी वाटण्याची मोहीम घेतली. मुंबईत पाणी तुंबलं की महापालिका तीच गोळी घ्यायला सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या लेप्टोनं शहराला हे शिकवलं. आमच्याकडेही गोळ्या आल्या होत्या. बिस्किटांच्या नंतर आल्या, एवढंच. गाळ काढून झाल्यावर. गोळी सरसकट वाटायची नाही हेही मला ठाऊक आहे. गरोदर बाई, लहान मूल यांचं वेगळं बघावं लागतं. म्हणून तर ती वाटणारा माणूस गावातला हवा आणि पाणी उतरण्याच्या आधी गोळी त्याच्या पिशवीत हवी.

खाजगी दवाखान्यांबद्दल थोडंच लिहितो, कारण हे दुखणं आपल्याला माहीत आहे. तापाचा माणूस आधी तिथंच जातो आणि तो ताप आपल्या पोर्टलवर येत नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे) रुग्ण वाढले, पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तेव्हा ‘हे नेहमीपेक्षा जास्त दिसतायत’ असं आधी लक्षात आलं ते रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या. शहरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, त्यांना दिसलं. आमच्या गावातल्या एकट्या डॉक्टरला एका दिवसात चाळीस पेशंट असतात. त्याला फॉर्म भरायला लावू नका. त्याला एक फोन नंबर द्या आणि संध्याकाळी कुणीतरी तिकडून ‘आज ताप किती?’ एवढं विचारा.

हे काही एकट्या सांगलीचं रडगाणं नाही. आसामात ब्रह्मपुत्रा दरवर्षी येते, बिहारात कोसी येते. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं सोलापूर-धाराशिवकडची दुष्काळी म्हणवली जाणारी गावं बुडवली. तिथल्या आरोग्य सेवकानं पूर कधी पाहिलाच नव्हता. ओडिशाकडे बघा. 1999 च्या चक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वादळाच्या बाबतीत आपल्याला जमलं. तापाच्या बाबतीत अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

आणि रिकाम्या जागा भरा. याबद्दल मी एकच ओळ लिहिणार आहे, कारण निवेदनं लिहून आमच्या संघटनेची रिमंच्या रिमं संपली.

एक सुचवतो. प्रत्येक जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त आरोग्य सेवक, परिचारिका आहेत. कोणाच्या घरात रांजण किती, कोणाचा गोठा सखल जागी, कोण तापात अंगावर काढतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. पूरगावांसाठी त्यांची यादी मे महिन्यातच करून ठेवा. मानधनाचं काय ते नंतर बघू. ओटीची नळी माझ्याकडे अजून आहे, द्रावण मात्र ताजं लागेल. गमबूट मी घेऊन ठेवलेत, दोन जोड.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक
कृष्णाकाठ, जि. सांगली