ऊदची तार कोण पाठवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाझा आणि सीरियातल्या मदतकार्याच्या बातम्या मी नेमाने वाचतो. किती ट्रक आत गेले, किती पीठ उतरलं, हे कळायलाच हवं. पण छावण्यांतल्या गाण्याबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

दमास्कसला लागून यरमूक ही पॅलेस्टिनी निर्वासितांची वस्ती आहे, १९५७ साली वसलेली. २०१३ मध्ये तिला वेढा पडला आणि सुमारे १८ हजार माणसं आत अडकली. जानेवारी २०१४ मधला तिथला फोटो तुम्हीही पाहिला असेल. दोन्ही बाजूंना पडझड झालेल्या इमारती आणि मधल्या रस्त्यावर शिध्यासाठी माणसांची रांग, जिचा शेवटच दिसत नाही. याच यरमूकमध्ये एहाम अहमद हा तरुण गाडीवर पियानो चढवून रस्त्यात न्यायचा, वाजवायचा आणि मुलांना गायला लावायचा. मी पेटी शिकवतो. पावसाळ्यात पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची तरी माझा जीव वरखाली होतो, आणि या पोराने अख्खा पियानो ढिगाऱ्यांमधून ढकलत नेला! त्याचे वडील अंध, व्हायोलिन वाजवणारे. घरचं वाद्यांचं दुकान. असं घर आम्हा मिरजकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये आयसिसच्या लोकांनी तो पियानो जाळला. त्याच वर्षी एहाम जर्मनीत पोहोचला.

‘आधी पोट, मग गाणं’ असं मला पुष्कळ जण ऐकवतात. वेढ्यात उपाशी असलेल्यांनी मात्र गाणं मागे ठेवलं नाही. गाझातल्या खान युनिसच्या छावणीत वाढलेला मोहम्मद असाफ २०१३ साली ‘अरब आयडॉल’ ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेनेच त्याला युवादूत नेमलं. मग त्याच्यामागून येणाऱ्या मुलांनी शिकायचं कशावर? आज गाझातले संगीतशिक्षक तंबूत वर्ग घेतात, उरल्यासुरल्या वाद्यांवर. ऊद या अरबी तंतुवाद्याची तार तुटली तर दुसरी कुठून आणायची? औषधाइतकीच तीही मदतीच्या यादीत असावी, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

आपण या शिक्षकांवर सविस्तर लिहावं, आणि निर्वासित मुलांना संगीत शिकवणाऱ्या विश्वासू संस्थांची माहितीही छापावी, ही विनंती. माझ्या वर्गातल्या मुलांनी गुरुपौर्णिमेची वर्गणी यासाठी बाजूला ठेवली आहे. ती कुठे पाठवायची, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

आपला,
एक पेटीशिक्षक, मिरज