काका-काकूंच्या टीव्हीबद्दल, बंड्याला

नाशिक, रविवार

प्रिय बंड्या,

"आई-बाबांच्या टीव्हीचं काहीतरी स्वस्तातलं बघ रे" एवढं लिहून तू मोकळा झालास. याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही, आणि फोनवर बोलायला लागलं की तुला दर दोन मिनिटांनी दुसरा कॉल येतो. म्हणून सरळ पत्रच लिहितोय. सवडीने वाच.

काल इंदिरानगरला जाऊन आलो. काका-काकू ठणठणीत आहेत. काकूंनी पोहे केले, काकांनी महापालिकेला शिव्या घातल्या, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. मग मी रिमोट हातात घेतला. तुझ्या खात्यातून दर महिन्याला साडेसहाशेच्या आसपास जातात, पण ते नेमके कशाचे हे त्या घरात कुणालाच सांगता येईना. पॅकची यादी उघडली तर त्यात कार्टूनचे चॅनेल, इंग्रजी सिनेमांचे, दोन-तीन दाक्षिणात्य भाषांचे, आणि खेळांचा अख्खा ताफा! कार्टून कोण बघतं म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "अरे, मागे दिवाळीत पोरं आली होती तेव्हा लावून घेतलं होतं." पोरं आता मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, पण कार्टूनचे पैसे चालूच आहेत. वरच्या खोलीत तो जुना डब्बा टीव्ही आहे ना, त्यावर एचडी दिसणं शक्यच नाही. त्याच्यासाठीही तू एचडीचा पॅक भरतोयस.

हे बिल कसं तयार होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायचे, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर लागू झाले. तेव्हापासून बिलाचे दोन भाग पडतात. एक नेटवर्कचं भाडं, म्हणजे नुसती केबलची तार किंवा डिशची छत्री घरात असण्याचे पैसे. दुसरा भाग पैशाच्या चॅनेलचा. त्या एकेका चॅनेलची किंमत वाहिनीवाल्यांनी जाहीर करायची आणि गिऱ्हाइकाने हवं ते सुटं निवडायचं, असा नियम आहे. या दोन्हीवर 18 टक्के जीएसटी. भाड्याला बरीच वर्षं 130 रुपयांची मर्यादा होती, आणि 2020 पासून तेवढ्यात 200 चॅनेल द्यावे लागायचे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, त्यामुळे आता कोण किती भाडं लावतो ते विचारूनच घ्यावं लागतं.

खरी गोम दुसऱ्या भागात आहे. सुटं चॅनेल घ्यायचा हक्क आपल्याला आहे, पण तो वापरायला कुणी सांगत नाही. वाहिन्यांचे गट करून त्यांचे बुके विकतात. जे चॅनेल बुकेत घालायचं त्याची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर नको, असं बंधन आहे. म्हणून नावाजलेले बरेच चॅनेल बरोब्बर 19 वर येऊन बसतात. बुकेवर सूट असते, त्यामुळे आकडा स्वस्त दिसतो. एका मालिकेसाठी गेलेला माणूस आठ-दहा चॅनेल घेऊन घरी येतो. लग्नाच्या बस्त्यासारखंच आहे हे: साडी एक घ्यायची असते, गाठोडं बांधून येतं.

पूर्वी बरं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या नाशकात 2013 साली केबल डिजिटल झाली, त्याआधी केबलवाला महिन्याला वही घेऊन दारात यायचा. त्यात निवड-बिवड काही नव्हती, तो देईल ते बघायचं. पण काकूंचं त्याच्याशी बोलणं तरी व्हायचं. आता कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी कुणी माणूस भेटलाच तर तो आणखी मोठा पॅक गळ्यात मारतो. माझ्यासमोरच काकांना एकाने "सर, फक्त चाळीस रुपये जास्त" असं ऐकवलं. काका त्याला म्हणाले, "बाळा, मी कमी करायला फोन केलाय."

तर मी काकूंना विचारलं, तुम्ही खरंच काय बघता? संध्याकाळी सात ते साडेनऊ, दोन चॅनेल: झी मराठी आणि स्टार प्रवाह. दुपारी कधी जुना मराठी सिनेमा. बस. काकांचं वेगळं. सकाळी आकाशवाणी नाशिक, 101.4, तिथे टीव्हीचा संबंधच नाही. दिवसभर बातम्या. भारताचा सामना असला की सामना. आणि सह्याद्री, तेही विशेषतः जुन्या कलाकारांचं काही लागलं की. म्हणजे साडेसहाशेतले उपयोगाचे चॅनेल एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली तीच ही. महिन्याचं भाडं शून्य. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, दीड-दोन हजारांच्या आत काम होतं. एमजी रोडला चौकशी केली, मिळतंय. दुकानदाराला वाटलं मी गावाकडच्या घरासाठी घेतोय. फ्री डिश म्हणजे गरिबाची किंवा खेड्यातली, हा शहरातल्या लोकांचा एक फुकाचा समज आहे. जे फुकट आणि कायदेशीर आहे ते इंदिरानगरच्या बंगल्यावर बसवायला लाज कसली?

पण तिच्या मर्यादा नीट समजून घे. तिथे खासगी चॅनेल दूरदर्शनच्या ई-लिलावात जागा विकत घेऊन येतात. ज्याला जाहिरातीवर चालायचं आहे तो जागेचे पैसे मोजतो आणि आपल्याला फुकट दिसतो. त्यामुळे लिलाव झाले की यादी बदलते. आज दिसणारं एखादं मराठी चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. सह्याद्री मात्र कायम. झी मराठी आणि स्टार प्रवाह पैशाचे चॅनेल आहेत, ते तिथे मिळणार नाहीत. म्हणजे काकूंना नुसती फ्री डिश लावून दिली तर तुझ्या घरात महाभारत होईल आणि त्यात शकुनी मी ठरेन.

काकांसाठी मात्र ती सोन्यासारखी. का ते सांगतो. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने खासगी वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागतात, तसा 2007 चा कायदा आहे. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या टॉवरवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरून दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून सामना चालू असताना केबलवर डीडी स्पोर्ट्स लावला तर भलतंच काहीतरी दिसतं आणि फ्री डिशवर सामना दिसतो. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास! इतकी वर्षं त्यांना वाटायचं की केबलवाला मुद्दाम करतो. आयपीएल या कायद्यात येत नाही, ते तिथे दिसणार नाही.

आयपीएलचं तसंही एक विचित्रच झालं. 2023 आणि 2024 ला मोबाइलवर फुकट दाखवून लोकांना सवय लावली, मग फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि फुकटचा जमाना आटोपला. आता बऱ्याच मोबाइल रिचार्जबरोबर हॉटस्टार येतं. तुझ्या किंवा काकांच्या रिचार्जमध्ये आहे का ते बघ. असेल तर त्याचे पैसे तू आधीच भरतोयस.

बसवायचं म्हणशील तर गच्चीवर मी जागा बघून आलो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला. नाशकातून छत्रीचं तोंड आग्नेयेला करावं लागतं, आणि चांगलं वर, क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर. तुमचा आंबा दक्षिणेकडे आहे, तो आड येत नाही. टाकीच्या बाजूचा कोपरा उत्तम. पावसाचा त्रास होणारच. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, मुसळधार पावसात त्या वाटेतच विरतात आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. पण हे सगळ्याच छत्र्यांचं आहे, महागड्या पॅकवालीचंही. आषाढात इगतपुरीकडून ढग आले की काका दहा मिनिटं पुस्तक वाचतील, काही बिघडत नाही. वरचा डब्बा टीव्ही टाकून द्यायचीही गरज नाही, साध्या बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर लागते.

इंटरनेटवरचं म्हणशील, तर मराठी बातम्यांचे बरेच चॅनेल यूट्यूबवर चोवीस तास फुकट लाइव्ह असतात. प्रसार भारतीचं वेव्ह्ज नावाचं अ‍ॅप नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, त्यात दूरदर्शनचे चॅनेल मिळतात. वायफाय तू आधीच घेऊन दिलेलं आहे. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर केबल पूर्ण काढून मालिकांसाठी अ‍ॅपची वर्गणी भरणं हाच हुशारीचा मार्ग. तुझ्यामाझ्यासाठी आहेही. वहिनी आणि तू तसंच करता, मला माहीत आहे.

पण काकूंच्या बाबतीत मी याला साफ नाही म्हणतो. मी त्यांच्यासमोर अ‍ॅप लावून बघितलं. लॉगिन, ओटीपी, मग "कोण बघतंय?" म्हणून चार गोल चेहरे, मग अपडेट. काकू शांतपणे म्हणाल्या, "सात वाजलेत, सुरू झालं असेल." त्यांना मालिका कधीही बघता यायला नकोच आहे. त्यांना ती सातलाच हवी आहे, कारण सातला पलीकडच्या काकू पण तीच बघतात आणि जाहिरातीत दोघींचं कुंपणावरून बोलणं होतं. महिन्याला शंभर रुपये वाचवून हे मोडायचं? मला पटत नाही.

आणखी एक पर्याय तुला कुणीतरी सुचवेलच: दोनशे रुपयांत जगातले सगळे चॅनेल. सिडकोतल्या एकाने मलाही दाखवला. कुठूनतरी एक अ‍ॅप उतरवायचं, प्ले स्टोअरवर ते नसतं, आणि पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर पाठवायचे. ती सरळसरळ चोरी आहे. शिवाय ज्या फोनवर काकांची पेन्शनची बँक आहे त्यात असलं काही शिरू द्यायचं नाही. त्याबद्दल वाद घालू नकोस.

माझा निवाडा असा. हॉलमधला टीव्ही आहे त्या कनेक्शनवरच ठेव, पण बुके सगळे काढून टाक. फक्त मूळ भाडं, आणि झी मराठी व स्टार प्रवाह सुटे, एचडी नको. भाडं जुन्याच 130 ला धरलं आणि दोन्ही चॅनेल 19 चे धरले तरी 168, वर जीएसटी, म्हणजे दोनशेच्या आत. वरच्या खोलीचं दुसरं कनेक्शन बंद कर आणि तिथे काकांना फ्री डिश लावू. छत्रीचा खर्च चार-पाच महिन्यांत वसूल होतो. काकू एका गोष्टीवर अडून बसल्या आहेत, रेसिपीचं एक चॅनेल त्यांना हवं आहे. मी म्हटलं यूट्यूबवर रेसिपी ढिगाने मिळतात. त्या म्हणाल्या, "त्यात बाई फार बोलतात." तेही सुटं लावून टाक, काही थोडे रुपये जातील.

आणि हो, काका-काकू उन्हाळ्यात तुझ्याकडे दीड-दोन महिने येतात तेव्हा घर बंद असतं आणि रिचार्ज चालू. आधी कळवलं तर तेवढ्या काळापुरती सेवा थांबवून ठेवता येते, तसा नियमच आहे. पण फोनवर सांगून सोडू नकोस. लेखी कळव आणि तक्रार नंबर जपून ठेव.

आता तुझं काम. कनेक्शन तुझ्या नंबरवर आहे, ओटीपी तुलाच येतो, त्यामुळे बुके मी इथून काढू शकत नाही. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जा, "सुटे चॅनेल" हा भाग खूप खाली लपवलेला असतो, तो शोध. आधी ऑटो-पे बंद कर, नाहीतर जुनाच पॅक पुन्हा भरला जाईल. पॅक बदलला की स्क्रीनशॉट पाठव, मी इकडे चॅनेल दिसतात का ते बघतो. फ्री डिशवाला गुरुवारी मोकळा आहे, पैसे मी देऊन ठेवतो, तू नंतर पाठव. नाहीतर येताना चांगली कॉफी पावडर घेऊन ये. मागच्या वेळची काकांनीच संपवली.

तुझा,
बाळ्या