मुलं घरातलीच होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, मनोविश्लेषणाचे (म्हणजे बोलण्यातून मनातलं दडलेलं शोधायच्या पद्धतीचे) जनक सिग्मंड फ्रॉईड आणि लहान मुलं यांच्यावरचा लेख वाचला. छान लिहिलाय, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून हे पत्र. एक तर अ‍ॅना फ्रॉईडचा फोटो टाकून खाली 'फ्रॉईड यांच्या पत्नी' असं छापलंय. अहो, बायकोचं नाव मार्था, अ‍ॅना ही त्यांची शेंडेफळ लेक, आणि ज्या विषयावर लेख आहे त्या लहान मुलांच्या मनोविश्लेषणात काम केलं ते तिने, बापाने नव्हे. दुसरं म्हणजे 'फ्रॉईड लहान मुलांना कोचावर झोपवून त्यांच्या मनातलं जाणून घेत' हे वाक्य. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडीत काढली, चार वर्षांचं पोर सांगितलं म्हणून कोचावर दोन मिनिटं पडून राहिलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि फ्रॉईडनेही असलं काही केलेलं नाही.

लेखात ज्या 'छोट्या हान्स'चा उल्लेख आहे त्याला फ्रॉईड त्या सगळ्या प्रकरणात एकदाच भेटले, १९०८ च्या मार्चमध्ये. बाकी सगळं काम त्या मुलाच्या वडिलांनी केलं. वडील म्हणजे माक्स ग्राफ, व्हिएन्नातले संगीतसमीक्षक, फ्रॉईडच्या घरी दर बुधवारी मनोविश्लेषणावर जी बैठक व्हायची तिला जाणारे, आणि मुलाची आई आधी फ्रॉईडची पेशंट होती. म्हणजे सगळा घरचाच मामला. पोराला घोड्यांची भीती बसलेली, घोडा चावेल म्हणून रस्त्यावर जायला तयार नाही, त्याने घोड्यांच्या बसगाडीला जुंपलेला एक घोडा रस्त्यात कोसळून पाय झाडताना पाहिलेला होता. वडील रोज त्याला प्रश्न विचारणार, उत्तरं लिहून घेणार आणि फ्रॉईडना कळवणार, असं चाललं होतं. त्या एका भेटीत फ्रॉईडनी घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं आणि तोंडाभोवतीचं काळं यांचा संबंध वडिलांच्या चष्म्याशी आणि मिशीशी लावला आणि मुलाला सांगितलं की तू जन्माला यायच्या आधीपासून मला माहीत होतं, एक छोटा हान्स येणार, त्याला आई इतकी आवडणार की त्याला बाबांची भीती वाटणार. घरी जाताना पोरगं बाबांना विचारतं, प्रोफेसर देवाशी बोलतात का, त्यांना हे सगळं आधीच कसं कळतं? मला विचाराल तर अख्ख्या केसमधलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच आहे.

१९०९ मध्ये ही केस छापून आली आणि इडिपस गंडाचा, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाशी स्पर्धा वाटते या फ्रॉईडच्या सिद्धांताचा, पुरावा म्हणून जगभर गाजली. पुढे १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण फ्रॉईडसमोर येऊन म्हणाला, मीच तो हान्स. त्याने ती केस वाचली होती आणि त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं, आपण कुणा परक्याबद्दल वाचतोय असं वाटत होतं, फक्त सुट्टीच्या प्रवासाचा भाग आला तेव्हा जराशी शंका आली की हा मीच तर नाही? हा हर्बर्ट ग्राफ नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला, म्हणजे पोराचं भलंच झालं.

लेखात आलंच नाही ते इथून पुढे. या शास्त्राची सुरुवातीची मुलं बघा, बहुतेक घरातलीच. अ‍ॅना एकोणीस महिन्यांची असताना तिला सकाळी उलट्या झाल्या म्हणून दिवसभर उपाशी ठेवलं, सांभाळणारी बाई म्हणाली स्ट्रॉबेऱ्या बाधल्या, आणि रात्री झोपेत ही बया बोबडं बोलते काय, तर आधी स्वतःचं नाव आणि मग स्ट्रॉबेरी, रानस्ट्रॉबेरी, आम्लेट, खिमट असा मेनू. बापाने ते उचललं आणि स्वप्नांवरच्या पुस्तकात घातलं, मुलांच्या स्वप्नात इच्छा सरळसरळ पुरी होते याचा दाखला म्हणून. मग नातू एर्न्स्ट, दीड वर्षाचा, दोरी बांधलेलं लाकडी रीळ पाळण्याच्या कडेवरून आत टाकायचा आणि 'ओ-ओ-ओ' करायचा, परत ओढून काढलं की खूष. आई बाहेर जाते आणि परत येते हाच खेळ तो स्वतः खेळतोय, नुसतं सोसण्यापेक्षा आपल्या हातात घेतोय, असं आजोबांचं निरीक्षण. ते मात्र फार खरं आहे, जून महिन्यात बालवाडीच्या दारात तासभर उभं राहा, दप्तर टाकायचं आणि परत उचलायचं हा खेळ दहा पोरं खेळताना दिसतील. हा एर्न्स्ट पुढे स्वतः विश्लेषक झाला, तान्ह्या बाळांवर काम केलं.

व्हिएन्नाच्या हेर्मिने हुग-हेलमुथ यांचं तर लेखात नावसुद्धा नाही. शिक्षिका, त्यात फिजिक्सच्या डॉक्टरेट. मुलांकडे बघायचं तर खेळातून बघा हे अ‍ॅना आणि या कामातलं दुसरं मोठं नाव म्हणजे मेलनी क्लाइन, दोघींच्या आधी त्यांनी सांगितलं, १९२० मध्ये मनोविश्लेषकांच्या हेगच्या परिषदेत मुलांच्या विश्लेषणाची पद्धत मांडली. त्यांच्या लिखाणात ज्या भाच्याची निरीक्षणं आहेत त्याच भाच्याने १९२४ मध्ये अठराव्या वर्षी त्यांचा खून केला. याच्यावरून कुणी लगेच निष्कर्ष काढू नका, तो मुलगा आईविना वाढलेला, भानगडी बऱ्याच होत्या.

आणि मेलनी क्लाइन. बुडापेस्टला असताना त्यांनी चार-पाच वर्षांच्या 'फ्रिट्झ'चा अभ्यास मांडला, मी जन्माच्या आधी कुठे होतो वगैरे त्याचे प्रश्न, त्याला 'बाळं करकोचा आणून देतो' असल्या गोष्टी न सांगता खरी उत्तरं द्यायची असा प्रयोग. छापताना लिहिलं की हा शेजारी राहणाऱ्या नातेवाइकांचा मुलगा. प्रत्यक्षात तो त्यांचाच धाकटा, एरिख.

हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. कोर्स करताना आम्हाला एका मुलाचा व्यक्ती अभ्यास लिहून द्यायला लागायचा. वेळ कुणाला होता, मी माझ्या थोरल्यावरच लिहिला आणि वर ठोकून दिलं, 'शेजारचा मुलगा, वय ४ वर्षे'. गेल्या वर्षी माळा आवरताना ती वही त्याच्या हातात पडली, हा आता अडतीस वर्षांचा बाप्या, खाली बसून सगळी वाचून काढली आणि म्हणतो, "आई, हा शेजारचा मुलगा रोज अंथरुण ओलं करायचा होय गं?" हसला, पण वही परत दिली नाही.

असो. क्लाइनबाईंनी यातून काहीतरी धडा घेतला म्हणायचा. बर्लिनमध्ये पावणेतीन वर्षांच्या रीटाला त्यांनी तिच्या घरी जाऊन तपासलं आणि ठरवलं की मुलाच्या घरात हे काम करायचं नाही. दुसरी एक सात वर्षांची, शाळेला कंटाळलेली, चित्रं काढून बघितली तरी काही बोलेना. तेव्हा त्या उठल्या, आपल्या मुलांच्या खोलीतून छोट्या गाड्या, माणसं, ठोकळे, आगगाडी एका खोक्यात भरून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. मुलीने दोन माणसं निवडली, एक ती, एक वर्गातला मुलगा, बाकीच्यांना बाजूला सारलं, आणि मग ती दोघं पडतायत, गाडीवर आपटतायत. पुढे प्रत्येक मुलाला वेगळा कुलुपाचा खण, त्याची खेळणी दुसऱ्याने बघायची नाहीत. मला या बाईंचं सगळं पटत नाही, तान्ह्या बाळाच्या मनात इतकं रौद्र काही चालतं हे पचत नाही, पण त्या खणासाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन.

अ‍ॅनाशी त्यांचं भांडण झालं ते लेखात 'मतभेद' म्हणून एका ओळीत उरकलंय. अ‍ॅनाने १९२७ मध्ये पुस्तक काढून म्हटलं की मूल अजून खऱ्या आईबापांच्या घरात राहतंय, मोठा पेशंट जसा जुनं प्रेम नि राग डॉक्टरवर आणून ठेवतो तसं ते कशाला करेल, आधी त्याची मैत्री मिळवा, आईबापांना बरोबर घ्या, थोडं शिक्षकही व्हा. क्लाइन म्हणाल्या, छे, मूल कल्पनेतले आईबाप आतच घेऊन फिरतं, खेळ हेच त्याचं बोलणं, पहिल्या दिवसापासून त्याला त्या खेळाचा अर्थ सांगा. १९३८ मध्ये फ्रॉईड कुटुंब नाझींपासून सुटून लंडनला आलं, क्लाइन तिथे आधीच होत्या, आणि दोघी मनोविश्लेषकांच्या एकाच संस्थेत, मग १९४१ ते ४५ बॉम्ब पडत असताना बैठकांवर बैठका, क्लाइनची सख्खी मुलगी आईच्या विरुद्ध बाजूला. शेवटी शिकवण्याचे वेगळे गट करून मिटवलं. त्याच काळात अ‍ॅना तिची मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅमबरोबर लंडनमधल्या हॅम्पस्टेडला युद्धातल्या मुलांचं पाळणाघर चालवत होती, तिथे दिसलं की मुलांना बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं जास्त लागतं, म्हणून त्यांनी चार-पाच मुलांमागे एक ठरलेली बाई अशी 'घरं' पाडली. मुलं त्या बाईला चिकटली, एकमेकांवर जळायला लागली, रडारड वाढली, आणि बोलायलाही भराभर लागली. हे वाचून कुठल्याही बालवाडीवालीला आश्चर्य वाटणार नाही.

आता विनंती. फोटोखालची ओळ दुरुस्त कराच, पण त्याच पुरवणीत मागच्या पानावर तुम्ही चिमुकल्यांच्या गमती छापता, त्यात परवा एका साडेचार वर्षांच्या मुलीने आंघोळीच्या वेळी काय विचारलं ते आईने कळवलेलं, सोबत मुलीचा फोटो, पूर्ण नाव आणि शाळेचं नावसुद्धा. फ्रॉईडने निदान हर्बर्टचा हान्स तरी केला होता. शाळेचं नाव तरी काढून टाका.

तुमची जुनी वाचक,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, मिरज