शिवणीतली माया

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झालाय. गेल्या आठवड्यात माझी व्हायवा झाली. घरी येऊन चपला काढताना डोळ्यांसमोर काय आलं, तर तुमच्या खोलीतलं ते डुगडुगणारं स्टूल. म्हणून लिहायला बसले, आणि सगळ्यांनी वाचावं असंच लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी वर्षभर मी एका आकड्यापायी रडत होते. पाण्याचे दोन रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांना किती घट्ट धरतात? मान्य उत्तर मोलमागे साधारण ५ किलोकॅलरी. संगणकावरच्या गणितात माझं येत होतं ११ च्या आसपास. विचारायला हवं तिथे विचारून झालं होतं. एकजण म्हणाले, "सॉफ्टवेअरने दिलंय ना? मग लिहून टाक." दुसऱ्यांच्या केबिनबाहेर दोन तास बसवलं, आणि आत बोलावून विचारलं काय, तर "तुमच्या गावात दिवसभर लाइट असते का?" असते. बहुतेक वेळा.

तुम्ही खुर्चीतून उठलात, "तू बस इथे" म्हणालात आणि स्टूल ओढून शेजारी बसलात. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली कुठल्याशा जुन्या प्रिंटआउटची घडी सरकवलीत. मग तासभर कीबोर्डाला हात लावला नाहीत. मी दोनदा चुकले, एकदा तर साधा कंस विसरले. तुम्हाला ते दिसत होतं, आणि तुम्हाला दिसतंय हे मला कळत होतं. तरी माझं मला सापडेपर्यंत तुम्ही चहाच्या कपाकडे बघत राहिलात. चहा कधीच संपला होता, सर.

मग म्हणालात, "तुझे रेणू गरीब आहेत गं." बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉन मांडायला घेतलेला गणिती फंक्शनांचा संच, तोकडा; स्वतःचे इलेक्ट्रॉन नीट मांडायला पुरेशी फंक्शनं नाहीत. दोघे जवळ आले की एकजण दुसऱ्याच्या घरची फंक्शनं उसनी घेतो, त्याची ऊर्जा उतरते, ऊर्जा खाली म्हणजे बंध घट्ट, आणि आपल्याला वाटतं, वा, काय घट्ट बंध! त्यात बरीचशी उसनवारीच. त्यावर बॉइज आणि बर्नार्डी या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दिलेला उतारा तुम्ही सांगितलात: एकट्या रेणूचं गणित करतानाही शेजाऱ्याची फंक्शनं त्याच्या जागेवर ठेवायची. केंद्रक नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, नुसती भुतं. भुतं बसवली आणि आकडा खाली आला. पाचवर नाही आला. तोकडं ते तोकडंच, त्याला पुढे मोठा बेसिस सेटच घ्यावा लागला. पण चूक कुठे दडते ते मला कळलं होतं, आणि तेही माझ्याच बोटांनी.

पाण्यातला ओ-एच बंध तोडायला शंभराहून जास्त किलोकॅलरी लागतात. त्यापुढे हे ५ म्हणजे चिल्लर. पण याच चिल्लरीच्या जोरावर पेल्यातलं पाणी पाणी राहतं आणि डीएनएचे दोन धागे जोडीने नांदतात. मोठे उपकार करणाऱ्यांची मला खरं तर भीती वाटते, ते मोजून ठेवतात. स्टूल ओढणारी माणसं बरी.

निघताना तुम्ही रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या मॉलिक्युलर टेलरिंगबद्दल सांगितलंत. अवाढव्य रेणू एकदम झेपत नाही, म्हणून त्याचे एकमेकांवर चढणारे तुकडे कापायचे, तुकड्यांचं गणित करायचं आणि पुन्हा जोडायचं. मी म्हटलं, माझे वडील शिंपी आहेत. तुम्ही इतके खूश झालात की दारातच पुन्हा पंधरा मिनिटं उभे.

ते अण्णांना सांगायचं राहूनच गेलं होतं, परवा सांगितलं. मशीनवरून मान न उचलता त्यांनी विचारलं, "तुकडे एकमेकांवर चढतात म्हणजे माया सोडतात. किती सोडतात?"

मी म्हटलं, "तीन-चार अँगस्ट्रॉम तरी."

"म्हणजे किती?"

"एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग करायचे. त्यातले तीन-चार."

अण्णांनी दोरा तोडला. "सोडतात ना पण? मग उसवायचं नाही."

आपली,
११ किलोकॅलरीवाली विद्यार्थिनी