आपत्कालीन संदेशयंत्रणा वाचवायची, तर आधी वायरींकडे पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सूर्यावर मोठे वादळ उठल्याची बातमी आली, की दोन-चार दिवस ‘ईएमपी’ (इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स, म्हणजे विद्युतचुंबकीय स्पंद) हा शब्द सगळीकडे फिरू लागतो आणि त्यापाठोपाठ मोबाइल फॉइलमध्ये गुंडाळून ठेवण्याचे सल्लेही फिरतात. मे २०२४ मध्ये, ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच, सर्वोच्च श्रेणीचे भूचुंबकीय वादळ आले तेव्हाही हेच झाले. त्या वादळाने कोणाचा खिशातला फोन जळाला नाही, जळण्याचे कारणही नव्हते. परंतु गोंधळ मात्र तसाच राहिला. बिनतारी संदेशयंत्रणांच्या देखभालीत माझी नोकरीची सारी वर्षे गेली. या गोंधळामुळे ज्यांनी खरी तयारी करायला हवी त्यांचे लक्ष भलतीकडे जाते, असे वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विद्युतचुंबकीय स्पंद या एकाच नावाखाली आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. वातावरणाच्या वर, काही शे किलोमीटर उंचीवर अणुस्फोट झाला, तर त्यातून निघालेले गॅमा किरण साधारण २० ते ४० किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि त्यातून एक अतिशय तीव्र, अतिशय क्षणिक स्पंद जमिनीकडे येतो. या पहिल्या भागाला तांत्रिक भाषेत ‘ई-१’ म्हणतात. त्यामागून येणारा ‘ई-२’ हा बराचसा विजेच्या कडकडाटासारखा असतो, आणि ‘ई-३’ हा सेकंदांपासून मिनिटांपर्यंत रेंगाळणारा संथ भाग असतो. सूर्याच्या वादळाचा जमिनीवरील विद्युतयंत्रणेवर होणारा परिणाम फक्त या तिसऱ्या भागाशी मिळताजुळता आहे. तो शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांमध्ये प्रवाह निर्माण करतो. टेबलावरच्या रेडिओला त्याची दखलही नसते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था अशाच वादळाने सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि ६० लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. वायरलेस संच मात्र शाबूत होते, फक्त त्यांना वीज देणारे कोणी उरले नव्हते.

अणुस्फोटाच्या स्पंदाचे दोन ठळक अनुभव जगाने एकाच वर्षात घेतले. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटनांचा ‘स्टारफिश प्राइम’ हा स्फोट केला. तेथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर असलेल्या हवाईमध्ये रस्त्यांवरचे सुमारे ३०० दिवे गेले, चोरीच्या सूचना देणाऱ्या घंटा आपोआप वाजल्या आणि एका बेटाला जोडणारा मायक्रोवेव्ह दूरध्वनी दुवा तुटला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर ३०० किलोटनांचा स्फोट केला. त्या वेळी खांबांवरून जाणाऱ्या सुमारे ५७० किलोमीटर लांबीच्या दूरध्वनी वाहिनीवर मुद्दाम मोजमापे घेतली होती. तिच्यावर बसवलेले फ्यूज उडाले आणि अतिदाब रोखणाऱ्या वायूच्या नळ्याही पेटल्या. जमिनीत सुमारे ९० सेंटीमीटर खोल पुरलेली, सुमारे १,००० किलोमीटर लांबीची वीजवाहिनीही सुटली नाही. या दोन्ही घटनांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: नुकसान झाले ते मुख्यतः लांब तारांना जोडलेल्या वस्तूंचे. शिवाय तो निर्वात नळ्यांचा (व्हॉल्व्हचा) काळ होता. आजच्या सूक्ष्म अर्धवाहक चिपा त्या मानाने फारच नाजूक आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे, की संच कसा गुंडाळावा याची चर्चा भरपूर होते, पण संचाला काय काय जोडलेले आहे हे कोणी पाहत नाही. ‘ई-१’चे क्षेत्र मानकांमध्ये दर मीटरला ५०,००० व्होल्ट धरले जाते. हातात मावणारा, कशालाही न जोडलेला वॉकीटॉकी त्यातला फार थोडा भाग पकडतो. तोच वॉकीटॉकी चार्जरवर लावून ठेवला, की चार्जरमागची इमारतीची सगळी वायरिंग त्याची अँटेना होते. मनोऱ्यावरच्या अँटेनापासून खाली येणारी फीडर केबल, खोलीत शिरणारी वीज, दूरध्वनीच्या तारांची जोडी, संगणकाच्या जाळ्याची केबल, मनोऱ्यावरच्या लाल दिव्याची वायर, अशा प्रत्येक वाटेने झटका आत येतो. बाहेरच्या लांब वीजवाहिनीवर तो हजारो अँपिअरचा असू शकतो. त्या वाटा मोकळ्या ठेवून संचाभोवती कितीही चांगला पत्रा गुंडाळला, तरी दार बंद करून खिडक्या उघड्या ठेवल्यासारखेच ते आहे.

‘आमच्याकडे वीजसंरक्षक बसवलेला आहे’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. आकाशातून पडणाऱ्या विजेचा प्रवाह शिखरावर पोहोचायला मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ घेतो. ‘ई-१’ सुमारे अडीच नॅनोसेकंदांत शिखर गाठतो, आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाऊण मीटर पुढे सरकतो. वायूच्या नळीचा संरक्षक मोठा प्रवाह पेलतो, पण पेटायला वेळ घेतो. अतिदाब रोखणारा डायोड तत्काळ जागा होतो, पण फार ऊर्जा सोसत नाही. म्हणून या दोहोंची आणि मध्ये गाळणीची (फिल्टरची) साखळी लावावी लागते. आणि साखळी लावली तरी ती कशी लावली यावर सगळे अवलंबून असते. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहाच्या झपाट्याच्या बदलाला होणारा विरोध, असते. दहा नॅनोसेकंदांत एक हजार अँपिअर चढणारा प्रवाह त्या तारेतून गेला, तर तिच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरमागे दहा हजार व्होल्ट पडतात. म्हणजे संरक्षक कितीही उत्तम असो, त्याची अर्थिंगची वायर वीतभर लांब असली, तर संच त्या वितीचा पूर्ण दाब भोगतो.

हे मला पुस्तकातून नव्हे, तर एका टेकडीवरच्या रिपीटरने, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या संचाने, शिकवले. तेथे नवे संरक्षक बसवून जेमतेम एक पावसाळा झाला होता. वीज मनोऱ्यावर नव्हे, जवळपास कुठेतरी पडली, आणि मुख्य संच, त्याचा वीजपुरवठा व दूरनियंत्रणाचा बोर्ड असे तिन्ही गेले. पाहणी केली तेव्हा संरक्षक ठणठणीत होते. अर्थिंगची वायर मात्र सुमारे मीटरभर जास्त निघाली होती आणि ती कापायचे जिवावर आल्याने कोणीतरी तिचे सुबक वेटोळे करून भिंतीला बांधून ठेवले होते. दिसायला काम अगदी नीटनेटके होते, तपासणीच्या कागदावर ‘समाधानकारक’ असा शेराही होता. त्याच खोलीतल्या लाकडी कपाटात, कुठलीही वायर न जोडता ठेवलेला जुना राखीव संच आम्ही बाहेर काढला आणि तासाभरात रिपीटर पुन्हा बोलू लागला. ती साधी वीज होती. खरा स्पंद त्याहून कितीतरी चपळ असतो. पण वायर आणि वेटोळे यांचा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे.

यावरून जे नियंत्रण कक्ष, रुग्णवाहिका सेवा, अग्निशमन दले किंवा पूरसूचना केंद्रे चालवतात त्यांना माझी पहिली विनंती अशी, की राखीव संच ‘तयार’ म्हणून चार्जरवर, अँटेनाला जोडून ठेवू नयेत. जोडलेला राखीव संच राखीव उरत नाही. मुख्य संचाच्या नशिबात जे आहे तेच त्याच्याही नशिबी येते. नव्या इमारतीत सगळ्या केबली एकाच धातूच्या पट्टीतून आत याव्यात, संरक्षक त्याच पट्टीवर थेट बसवलेले असावेत आणि त्यांच्या जोडण्या शक्य तितक्या आखूड व रुंद पट्ट्यांच्या असाव्यात. अमेरिकी संरक्षण खात्याचे मिल-स्टँडर्ड-१८८-१२५ हे मानक हेच तत्त्व धरून चालते आणि कक्षाभोवतीच्या धातूच्या कवचाकडून मोठ्या वारंवारता-पट्ट्यात ८० डेसिबल रोधाची, म्हणजे क्षेत्र दहा हजार पटींनी कमी करण्याची, अपेक्षा ठेवते. प्रत्येक नागरी केंद्राला एवढे कवच परवडणार नाही हे उघड आहे. पण प्रवेशाची जागा एकच ठेवणे हे भिंत बांधताना जवळपास फुकटात होते, आणि नंतर करायचे तर भिंत फोडावी लागते. तांब्याच्या केबलऐवजी प्रकाशीय तंतू (ऑप्टिकल फायबर) हा चांगला पर्याय आहे, फक्त त्याच्या केबलमध्ये ताणासाठी धातूची तार घातलेली नाही ना, एवढे मागवण्यापूर्वी विचारावे.

आता पेटीविषयी. राखीव संचासाठी पत्र्याची घट्ट झाकणाची पेटी पुरेशी होऊ शकते. धातूची जाडी ही येथे फारशी अडचण नसते. दहा कोटी हर्ट्झला अॅल्युमिनियममध्ये क्षेत्र मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागातच विरते. अडचण असते ती फटीची. फट किती रुंद आहे यापेक्षा ती किती लांब आहे हे महत्त्वाचे. झाकणाखालची तीस सेंटीमीटर लांबीची, केसाएवढी फटसुद्धा ५० कोटी हर्ट्झच्या आसपास उत्तम अँटेनासारखी वागते. झाकण जेथे टेकते तेथला रंग खरवडून धातूला धातू लावावा, रबरी पट्टी असेल तर तिच्याऐवजी वाहक जाळीची पट्टी घालावी, आणि आतून पुठ्ठ्याचे अस्तर द्यावे म्हणजे संच पत्र्याला टेकणार नाही. अशा लहान पेटीला अर्थिंग लागत नाही. उलट तिला लांब वायर जोडली, तर आपणच तिला एक अँटेना बहाल करतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये रेडिओ ठेवण्याचा सल्ला तर सोडूनच द्यावा. त्याच्या दाराची बांधणी एका ठरावीक वारंवारतेसाठी असते आणि त्याला भिंतीतून आलेली वीजवाहिनीही जोडलेली असते.

पेटी तपासायची म्हणून आत मोबाइल ठेवून तो वाजतो का हे पाहण्याची पद्धत सर्रास दिसते. मोबाइलमधला रिसीव्हर इतका संवेदनशील असतो, की मनोरा जवळ असेल तर बऱ्या पेटीतही तो वाजेल, आणि मनोरा दूर असेल तर सामान्य डब्यातही गप्प बसेल. ‘ई-१’ची बहुतेक ऊर्जा १० कोटी हर्ट्झच्या खाली असल्याने, एखाद्या बलवान एफएम केंद्रावर लावलेला छोटा रेडिओ आत ठेवून झाकण बंद करणे ही चाचणी अधिक बोलकी आहे. तीही अचूक मोजमाप नव्हे, पण झाकणाची एखादी कड दाबल्यावरच रेडिओ गप्प होत असेल, तर फट कोठे आहे हे ती लगेच सांगते.

पेटीत काय ठेवावे याचा विचार मात्र संचापाशी थांबू नये. चार्जर, सौर पटलाचा नियंत्रक, सुटी अँटेना आणि तिची केबल, संचात वारंवारता भरण्यासाठी (प्रोग्रामिंगसाठी) लागणारी तार, हे सगळे आत हवे, कारण संच वाचला आणि चार्जर गेला, तर आपले आयुष्य एका बॅटरीएवढे उरते. वारंवारता आणि संकेतनावांची यादी कागदावर हवी. ती केवळ संगणकात असते आणि संगणक टेबलावर जोडलेला असतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. लिथियम बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नयेत, अर्ध्याच्या आसपास ठेवाव्यात आणि दर तिमाहीला पाहाव्यात. जनित्रालाही विसरू नये. आजच्या जनित्राच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो आणि तो गेला, तर टाकी भरलेली असूनही यंत्र सुरू होत नाही. म्हणून त्याचा सुटा बोर्ड, किंवा हाताने चालू करता येईल असे एक लहान यंत्र ठेवावे. आणि सगळे राखीव संच एकाच वेळी बाहेर काढू नयेत. पहिल्या स्पंदानंतर दुसरा येणार नाही अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

ही तयारी स्पंद कधीच आला नाही तरी वाया जात नाही. आखूड अर्थिंग, एका जागी येणाऱ्या केबली आणि न जोडलेला राखीव संच या तिन्हींचा उपयोग दर पावसाळ्यात, साध्या विजेसमोरही होतो. म्हणूनच याला युद्धाची तयारी म्हणून बाजूला ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी, की पुढच्या सौरवादळाच्या बातमीत त्या वादळाचा धोका वीजवाहिन्या, उपग्रह आणि लघुलहरींवरील (शॉर्टवेव्ह) संदेशवहन यांना आहे, खिशातल्या फोनला नाही, एवढा खुलासा अवश्य छापावा. आपत्कालीन केंद्रांच्या प्रमुखांना जमल्यास आपल्या वार्ताहरांनी हेही विचारावे, की त्यांच्याकडचा राखीव संच या क्षणी कशाकशाला जोडलेला आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बिनतारी तंत्रज्ञ