फुगे कुठं गेले?

सोलापूर,
८ जून

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "थोरल्याला चष्मा लागलाय, पण रोज घालू देत नाही, घातला की नंबर वाढतो." मी तेव्हाच तुझ्यावर उखडणार होतो, पण तू लगेच मॅचवर गेलास. म्हणून हे पत्र. हातानं लिहायची सवय मोडलीय, अक्षर चालवून घे.

तर गड्ड्याच्या जत्रेतली गोष्ट. जानेवारीत चिमीला घेऊन होम मैदानावर गेलो होतो. पाळण्यात बसून झालं, भजी खाऊन झाली, मग बंदुकीनं फुगे फोडायच्या स्टॉलपाशी ती अडून बसली. त्या माणसानं बंदूक तिच्या खांद्याला टेकवून दिली आणि म्हणाला, "आता एक डोळा मीट." तिनं उजवा मिटला आणि तशीच थांबली. "बाबा, फुगे कुठं गेले?"

मला वाटलं नाटक करतेय. म्हटलं दुसरा मीट. डावा मिटला तर फुगे जागच्या जागी. पुन्हा उजवा मिटला, फुगे गायब, "नुसते रंग दिसतात" म्हणाली. तळ्याच्या काठानं परत येताना मी तिला तोच खेळ सात-आठदा खेळायला लावला. शेवटी ती कंटाळली. माझ्या पायात मात्र बळ राहिलं नव्हतं बघ.

साडेपाच वर्षं पोरगी एका डोळ्यानं बघत होती आणि घरात कुणाला पत्ता नाही. धडपडत नव्हती, टीव्हीला नाक लावत नव्हती, डोळा तिरळाही नव्हता. दिवाळीच्या आधी शाळेत तपासणी झाली होती, कार्डावर 'नॉर्मल' लिहून आलं होतं. ते कसं जमलं, हे तिनंच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. इंग्रजी 'ई'ची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं होतं. उजव्या डोळ्यानं बघताना "वर, खाली, इकडं, तिकडं" अशी ओळ पाठ झाली, तीच डाव्याच्या वेळी म्हणून दाखवली. अडलं तिथं बोटांच्या फटीतून बघितलं. तपासणाऱ्यापुढं शंभरेक पोरं रांगेत उभी असणार. त्याला किती दोष देऊ? थोडा देतोच.

डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी नंबर दिलाच नाही. म्हणाल्या, लहान मुलांच्या डोळ्यातला स्नायू इतका तगडा असतो की तो जोर लावून नंबर लपवतो. त्याला आधी सैल सोडावं लागतं. त्यासाठी तीन दिवस घरी अॅट्रोपीनचं मलम घालायला दिलं. अंग तापलं, तोंड लाल झालं तर बंद करून फोन करा, असं बजावलं. तीन दिवस बाहुल्या ही एवढ्या मोठ्या! आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे, जानेवारीतलंसुद्धा. गॉगल घालून अंगणात बसायची, सिनेमातल्यासारखी. चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून त्यांनी नंबर काढला. मुलीला एक शब्द विचारावा लागला नाही. उजव्याला जेमतेम अधिक एक, डाव्याला अधिक साडेचार. चष्मा लावूनही डाव्यानं ६/३६. म्हणजे धड डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसेल ते हिला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसणार.

याला 'आळशी डोळा' म्हणतात. मला ते नाव पटत नाही. डोळा बिचारा काम करत होता, पण त्याचं चित्र कायम पुसट, म्हणून मेंदूनं त्याचं ऐकणंच सोडून दिलं. मेंदूचं हे शिकण्याचं वय सात-आठ वर्षांपर्यंत जोरात असतं. बाहेर बाकावर अशोक चौकातल्या एक बाई बसल्या होत्या, मुलाशी तेलुगूत बोलत होत्या. मुलगा अकरा वर्षांचा, दुखणं हेच. शाळेत आलेल्या सरकारी आरोग्य पथकानं पकडलं, म्हणून इथवर आले. डॉक्टर म्हणाल्या, त्याचंही करू, पण वेळ जास्त लागेल आणि हमी कमी.

घरी आईनं गोंधळ घातला. एवढ्याशा पोरीला चष्मा? गाजर द्या, तूप द्या, मी काजळ घालते. काजळाची डबी मी उचलून ठेवली, त्यावरून दोन दिवस अबोला. मग एका रात्री स्वतःच म्हणाली, "तुझी आत्या सुई ओवताना मान तिरकी करायची, आठवतंय का? आम्ही तिला नखरेल म्हणायचो." पुढं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चष्म्याची दोरी तिनंच आणली.

आधी सहा आठवडे नुसता चष्मा. मग चांगल्या डोळ्यावर चिकटपट्टी, चिमीच्या बाबतीत रोज दोन तास. पहिला आठवडा नरक होता. रडायची, पट्टी उपटायची, दाराच्या चौकटीला खांदा धडकवायची. मे महिन्यात तर घामानं पट्टी आपोआप सुटायची, म्हणून पहाटेची वेळ धरली. तेव्हा आई देवासमोर वाती वळत बसते. चिमीला शेजारी बसवलं. आधी नुसते कापसाचे बोळे व्हायचे. आता आईच्या वातीशेजारी तिची ठेवली तर पटकन ओळखू येत नाही. गेल्या आठवड्यात डाव्यानं ६/१८ वाचलं, या वेळी पाठ न करता. अजून बरेच महिने आहेत. पट्टी सोडल्यावर नजर पुन्हा उतरू शकते, म्हणून तपासण्या चालूच राहतील.

तुझ्या थोरल्याचं सांगतो. त्याचा नंबर वाढणार तो वयानं, घराण्यानं आणि चार भिंतींत कोंडल्यानं. चष्म्यानं नव्हे. चष्मा घालू दे आणि रोज दीडदोन तास उजेडात बाहेर हाकल. पण त्याची मला काळजी नाही, तो निदान फळा दिसत नाही म्हणून बोंबलला तरी. मला घोर आहे धाकट्याचा. तीन वर्षांचा झाला, काही तक्रार नाही, म्हणून तू त्याला अजून दाखवलेलं नाहीस. चिमीचीही तक्रार नव्हती, बे. या आठवड्यात घेऊन जा. अक्षरं येत नाहीत ही सबब चालणार नाही, ती लागत नाहीत हे वर सांगितलंच.

आईनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय, येणाऱ्याच्या हाती पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पिंट्या

ता. क. घरी बघायचं झालं तर त्याचा डोळा हातानं झाकू नकोस, फटीतून बघेल. पट्टीच चिकटव. एक झाकला तर खेळत राहिला आणि दुसरा झाकला की चिडला, तर मला त्याच रात्री फोन कर. आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरं चमकलं, तर मला नको, सरळ डॉक्टरकडं पळ.